डल्सीनं मुद्दाम चुकवलेलं नाव

आमच्या गॅनेट टिकल गावात सोंगं ओळखण्यात माझा हात धरणारा माणूस अजून जन्मलेला नाही. मी सांगतोय म्हणून नव्हे, कुणालाही विचारा. नाताळच्या बारा दिवसांत तोंडावर जाळीचा पडदा घेऊन, बापाचे बूट आणि आजीचा झगा चढवून, पोटाला उशी बांधून जो कोणी माझ्या स्वयंपाकघरात शिरला, त्याचं नाव घेतल्याशिवाय मी त्याला बाहेर सोडलेला नाही. चालण्यावरून ओळखतो, खोकण्यावरून ओळखतो, बसताना आधी कुठला गुडघा वाकतो त्यावरून ओळखतो. फक्त एका नाताळात एक सोंग माझ्या, म्हणजे अझराया फ्राउडच्या, घरातून तसंच निसटलं, असं गाव म्हणतं. तीस वर्षं उलटून गेली, गाव अजून म्हणतं. मी ऐकून घेतलं, कारण माझ्या बहिणीनं मला गप्प बसवलं होतं.

ती बहीण, डल्सी, मार्चमध्ये गेली. आणि ज्या माणसाची ती गोष्ट, त्यानं आता मला सांगायला मोकळीक दिलीय.

डल्सी माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान. मी सहावीतून शाळा सोडली आणि बापाच्या बोटीवर गेलो. सही करता येते, भरती-ओहोटीचं पान वाचता येतं, त्यापलीकडे मला कधी काही लागलं नाही. डल्सीचं वेगळं. ती लहानपणी मासे चिरायच्या शेडमध्ये टेबलाखाली जाऊन बसायची. वर आम्ही बाप्ये कॉडची मुंडकी उडवतोय, शिव्या देतोय, आणि ही खाली गुडघ्यांना मिठी मारून ऐकतेय. आई ओरडायची की पोरीच्या केसांना वास येतो. मी म्हणायचो, येऊ दे, ऐकतेय तर ऐकू दे. बघा, तेव्हापासून मला तिच्यातलं कळत होतं.

पुढे ती शहरात, सेंट जॉन्सला, शिकायला गेली. माझ्या बोटीच्या माशांच्या पैशावर गेली, हेही सांगून ठेवतो. आमच्याकडच्या पोरी शिकल्या की नर्स व्हायच्या नाहीतर मास्तरीण. ही परत आली ती शाळेची सायकॉलॉजिस्ट होऊन. गावात कुणाला तो शब्द धड उच्चारता येईना. दुकानात लोकांनी मला विचारलं, म्हणजे काय करते रे ती? मी सांगितलं, डोक्याची डॉक्टर आहे, पण पोरांच्या, आणि सुई टोचत नाही. तर गिड बॉइड म्हणतो, म्हणजे येडे शोधायचं काम, मग घरापासूनच सुरुवात केली असेल. गिड माझा लहानपणापासूनचा दोस्त आहे, म्हणून अजून त्याला दात आहेत.

किनाऱ्यावरच्या सगळ्या लहान शाळा तिच्याकडे होत्या. उन्हाळ्यात ट्रकनं, थंडीत बर्फावर चालणाऱ्या स्नोमोबाईलनं, आणि रस्ता नाही तिथं माझ्या बोटीनं. जगात दुसऱ्या कुठल्या सायकॉलॉजिस्टला असा कप्तान मिळाला असेल तर दाखवा. सुरुवातीला बाया तिला बघून पोरांना मागच्या खोलीत ढकलायच्या. ही पोरांकडे बघायचीच नाही. आमच्याकडे दार कुणी वाजवत नाही, तशी ही सरळ आत जायची, चुलीजवळच्या दिवाणावर बसायची, चहा घ्यायची, म्हातारीशी हवेबद्दल बोलायची, गुडघ्याच्या दुखण्याबद्दल बोलायची. पोर आपलं आपण दाराच्या फटीतून बाहेर यायचं. ते बोललं तर ही बोलायची. नाही बोललं तर हीपण नाही.

मी एकदा विचारलं, न बोलण्याचा पगार कोण देतं गं तुला?

"जाळं टाकल्यावर तू माशांना हाका मारतोस का, अझ?" ती म्हणाली.

एक पोरगा वर्गात बसायचाच नाही, खुर्च्या फेकायचा. सगळे म्हणाले, याला काढा शाळेतून. डल्सी चार दिवस त्याच्याबरोबर मैदानात फिरली आणि मास्तरला सांगितलं, याची खुर्ची काढून घ्या, उभा राहू दे. पोरगा उभा राहून शाळा शिकला. आज मोठ्या जहाजावर इंजिनाचं काम बघतो. अशी किती सांगू. पण ती स्वतः कधी सांगायची नाही. मीच सांगायचो सगळीकडे, आणि ती म्हणायची, अझ, जरा तोंड मीट.

दर शुक्रवारी संध्याकाळी ती माझ्या घरी यायची. लग्न तिनं केलं नाही. ट्रक वरच्या वळणावर आला की मला आवाजावरून कळायचं. आत आली की ओले मोजे काढायची, आमच्या चुलीच्या ओव्हनचं दार उघडायची आणि त्यावर पाय ठेवून बसायची. माझी बायको लेटी त्यावरून तिला बोलायची, की अगं पावाला तुझ्या पायांचा वास लागतो. ती पाय आणखी आत सरकवायची.

आता त्या पोरीचं सांगतो.

ट्रीना प्रिमर. आठ वर्षांची होती तेव्हा. बाप तिचा टोरोंटोकडे कामाला, आई व्हेडा आमच्या मासळीच्या कारखान्यात. पोरगी घरात इतकी बोलायची की व्हेडा म्हणायची, कानाला कापूस लावावासा वाटतो. पण शाळेत एक शब्द नाही. पहिल्या दिवसापासून नाही. मास्तरणीशी नाही, पोरांशी नाही, बसमध्ये नाही. परका माणूस घरात आला तरी कुलूप. मला बघून खिडकीशी जाऊन उभी राहायची, आणि मी काय परका?

डल्सी दोन हिवाळे तिच्याकडे जात होती. शाळेत कोपऱ्यात दोघी बसायच्या आणि सोंगट्यांचा पट मांडायच्या. पोरगी जिंकायची. डल्सीला हरवणं सोपं नाही, मी सांगतो. जिंकली की ओठ आत दाबून हसायची, पण आवाज नाही. डल्सी घाई करायची नाही. म्हणायची, येईल. मला तिचा ताल कळतोय, येईल.

पण शाळांच्या बोर्डाला तो ताल कळत नव्हता. बोर्डावर विन्सर नावाचे साहेब होते. त्यांचं म्हणणं, या पोरीला शहरातल्या त्या खास शाळेत घाला, जिथं न बोलणारी, न शिकणारी मुलं ठेवतात. तिथंच राहायचं, तिथंच जेवायचं, उन्हाळ्यात आणि नाताळात घरी. आई सांगते घरी बोलते म्हणून, पण आया सगळ्या असंच सांगतात. बोर्डाच्या माणसानं स्वतः ऐकलं पाहिजे. डल्सी बोर्डाची माणूस, तिनं तरी ऐकलंय का? नाही ऐकलेलं. मग नवीन वर्ष लागलं की साहेब स्वतः येणार, पोरीला बघणार, आणि तेव्हाही बोलली नाही तर सही करणार.

व्हेडा माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली होती, कारखान्याचा पांढरा डगला तसाच अंगावर. डल्सीला म्हणाली, "तिकडे गेली ना, तर ती घरातलं बोलणंही विसरेल बाई. मग माझ्याशीही नाही बोलायची."

डल्सीनं तिला खोटा धीर दिला नाही. नुसता तिचा हात धरून बसली. व्हेडा गेल्यावर ओव्हनच्या दारावर पाय ठेवले आणि मला म्हणाली, "मला एकदा तिचा आवाज ऐकायचाय, अझ. माझ्या कानानं. एकदाच."

नाताळला डल्सी सुट्टी घेऊन आमच्याकडेच होती. नाताळ होऊन दोन-तीन दिवस झाले असतील. संध्याकाळी आम्ही जेवून उठतोय तर दार वाजलं. सांगितलं ना, आमच्याकडे दार कुणी वाजवत नाही. वाजवतात ती फक्त सोंगं. लेटीनं लगेच खुर्च्या भिंतीला लावल्या. बाहेरून तो सोंगांचा आवाज, श्वास आत ओढत काढलेला, म्हणजे कुणाचा कोण ते कळू नये: "सोंगांना आत घेता का?"

घेतली. पाच होती. एक नवरी, पोट नऊ महिन्यांचं. ती दारातच डोकं वाकवून आली. माझ्या दाराला डोकं आपटलेला गावात एकच, गिड. नाव घेतलं, पडदा वर झाला, गिड शिव्या देत रमचा ग्लास घेऊन बसला. दुसरं सोंग पाद्र्याचं, ती गिडची बायको, हसू दाबताना तिचे खांदे हलतात. तिसरं, चौथं, मी ग्लास भरता भरता ओळखली. लेटी म्हणाली, जरा त्यांना नाचू तरी दे. मी म्हणालो, माझ्या डोळ्यांना मी काय करू?

राहिलं पाचवं. एवढंसं, रस्त्यातच त्यांच्यामागे लागून आलेलं, कुणाचं ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. डोक्यावर उशीचा अभ्रा, डोळ्यांपुढे जाळीच्या पडद्याचा तुकडा शिवलेला, अंगावर कुणा बाप्याचे लोकरी अंतर्कपडे, तेही बाकी सगळ्याच्या वरून. हातात मोजे, म्हणजे बोटं दिसायला नकोत. लेटीनं रिवाजाप्रमाणे विचारलं, एवढ्या थंडीत कुठून आलात, बाबा?

आणि ते बोललं. श्वास आत ओढून, किरकिऱ्या आवाजात.

"उत्तर ध्रुवावरून. रस्त्यात अझकाकांचं पोट आडवं आलं म्हणून उशीर झाला."

सगळे खो खो हसले. गिडनं मांडीवर थाप मारली. आणि ते सोंग मग थांबेचना. म्हणालं, गिडकाकांचं पोट खोटं आहे, अझकाकांचं खरं आहे, तरी अझकाकांचंच जास्त बाहेर आलंय. म्हणालं, या घरातला केक चांगला आहे पण त्यात रम कमी पडलीय, कारण ती कुठं गेली ते काकांच्या नाकावर दिसतंय. असं नॉनस्टॉप. मी आपला बघतोय. डाव्या पायाचा बूट उजव्या पायाच्या बुटावर ठेवून उभं होतं. तसं उभं राहणारं दुसरं माणूस मला माहीत होतं. व्हेडा दुकानात अशीच उभी राहते. तिची आईपण तशीच उभी राहायची.

माझ्या डोक्यात लख्ख झालं. तोंड उघडलं, जीभ दाताला लागली, आणि टेबलाखाली डल्सीची टाच माझ्या पायाच्या बोटांवर आली. लोकरीच्या मोज्यातली टाच, पण काय टाच होती. मी तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. तिचा चेहरा पांढरा पडला होता, आणि आवाज मात्र अगदी शांत.

"मला वाटतं हा गिडचा धाकटा," डल्सी म्हणाली.

सोंगानं जोरात मान हलवली. गिड म्हणाला, माझा धाकटा तापानं अंथरुणात आहे. डल्सीनं आणखी एक नाव घेतलं, तेही चुकीचं. मग आणखी एक. प्रत्येक नावाला ते पोर उड्या मारत होतं. शेवटी डल्सीनं दोन्ही हात वर केले.

"मी हरले बाई. अझ, तू?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. गिड खुर्चीत पुढे सरकला, त्याला तर आयुष्यभराची मेजवानी. जन्मात मी तो शब्द उच्चारला नव्हता. वादळात बोटीचं सुकाणू तुटलं तेव्हाही नव्हता.

"हरलो," मी म्हणालो.

नियम असा की नाव बरोबर आलं तर पडदा वर करायचा, नाही आलं तर पडदा तसाच. पोरीनं अभ्र्याखालून केक खाल्ला, सरबत प्यायली, आणखी काय काय बोलली, आणि बाकीच्यांबरोबर निघून गेली. दार लागल्यावर डल्सी तिथंच जमिनीवर बसली आणि भांडी पुसायच्या टॉवेलमध्ये तोंड घातलं. मी म्हणालो, ती व्हेडाची पोर होती, मी ओळखली होती, तू का मला अडवलंस?

"मीपण ओळखली होती. नाव घेतलं असतंस तर पडदा वर झाला असता. पडदा वर झाला असता तर ती तिथंच बंद झाली असती, आणि पुन्हा कधी उघडली नसती." मग टॉवेलातून वर बघून म्हणाली, "आणि हे तू कुणाला सांगायचं नाहीस. गिडला नाही, व्हेडाला नाही, तिला तर नाहीच. तिनं सांगेपर्यंत."

दुसऱ्या दिवशी दुकानात जाईपर्यंत सगळ्या टिकलला कळलं होतं की अझ फ्राउड हरला. मी काय काय ऐकलं ते सोडा.

डल्सीनं विन्सर साहेबांना फोन लावला. मी ऐकलं म्हणाली, माझ्या कानानं. साहेबांनी विचारलं, चेहरा बघितलात का? नाही. आवाज तिचाच होता का? तिचा आवाज घराबाहेर कुणाला माहीतच नाही. मग नाव घेतलंत का? तर डल्सी खोटं बोलणारी नव्हती, म्हणाली, दुसऱ्यांची घेतली. साहेब वाईट माणूस नव्हते, हे डल्सीनंच मला सांगितलं. पण म्हणाले, मिस फ्राउड, मी बोर्डाला काय सांगू, उशीच्या अभ्र्यातून कोणीतरी बोललं? मी येतोच आहे, तेव्हा बघू. मी डल्सीला म्हणालो, मला दे फोन, माझी नजर बोर्डापेक्षा पक्की आहे. ती म्हणाली, तू गिडसमोर हरलो म्हणालायस. आणि एकदा नाव बाहेर पडलं की संध्याकाळपर्यंत ते पोरीच्या कानावर जाणार.

सहा जानेवारीला आमच्याकडे जुना नाताळ, सोंगांचा शेवटचा दिवस. त्याच्या आदल्या संध्याकाळी बर्फ पडत होता, आणि दार वाजलं. मी उठलो. गेलेली इज्जत परत मिळवायला मला एकच सोंग हवं होतं. दार उघडलं तर असं सोंग, असं सोंग, मी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. शहरी लांब कोट, केसाळ टोपी, हातात ब्रीफकेस, आणि नाकाखाली बर्फ जमलेली मिशी. मी ओळखलं, हा गिडचा मेव्हणा. पोटात बोट खुपसलं, उशी नव्हती. मग मिशी धरून ओढली. निघेना. आणखी ओढली.

"मी विन्सर," सोंग म्हणालं. "बोर्डातून आलोय."

मी म्हणालो, नक्कल झकास आहे, पण बूट मेव्हण्याचेच आहेत. तेवढ्यात मागून डल्सी आली आणि म्हणाली, "अझ, साहेबांची मिशी सोड."

गावात हॉटेल नाही, त्यामुळे साहेब आमच्याकडेच उतरणार होते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. बिचारे जेवताना सारखे ओठाला हात लावत होते. लेटीनं त्यांना सोंगांचं समजावलं, दार का वाजवायचं नसतं ते समजावलं. साहेब शहरातले, पण म्हणाले, माझी आजी सांगायची असलं काही. दोन ग्लासांनंतर हसलेही. पण कामाचं निघालं तेव्हा सरळ झाले. उद्या शाळेत, वर्गात, सगळ्यांदेखत, त्या मुलीच्या तोंडून मला ऐकायचंय. काय बोलेल ते बोलू दे, पण तोंड झाकलेलं चालणार नाही.

"तिचं तोंड उघडं पाहिजे," डल्सी म्हणाली. "एवढंच ना?"

"एवढंच."

"बाकीच्यांचं झाकलेलं चाललं तर?"

साहेबांचा काटा बटाट्यात तसाच राहिला.

सकाळी साहेब ट्रकनं पुढे गेले. आमच्या आणि पलीकडच्या वाडीची मिळून एक शाळा, डोंगरामागे, तळं ओलांडून. डल्सीनं माझी पँट मागितली, माझं जाकीट, माझी टोपी, माझे बूट. पोटाला उशी बांधली. तोंडावर लेटीनं खिडकीचा पडदा टाचला. मग ती स्वयंपाकघरात माझ्यासारखी चालून दाखवायला लागली. पाय फेंगडे, कोपरं बाहेर, छाती अशी काढलेली की जणू सगळी खाडी हिच्या बापाची. लेटी हसता हसता खाली बसली. मी म्हणालो, मी असा चालत नाही. लेटी म्हणाली, तू अस्साच चालतोस. मला राग आला होता, पण खरं सांगतो, नक्कल कुणाला करता येते? ज्यानं आयुष्यभर आपल्याकडे बघितलंय त्यालाच.

मी चर्चचा कोट घालून तिला स्नोमोबाईलवरून शाळेत नेलं आणि कोट टांगायच्या खोलीत दाराच्या फटीशी उभा राहिलो. डल्सीनं वर्गाचं दार वाजवलं. आतून पोरांचा एकच गलका. मास्तरणीला आधी सांगून ठेवलेलं होतं, तिनं आत घेतलं. साहेब मागच्या बाकावर, ब्रीफकेस मांडीवर. ट्रीना खिडकीजवळ, तोंड उघडं, ओठ मिटलेले.

डल्सी आत चालत गेली, माझं चालणं, आणि अख्खा वर्ग ओरडला, अझकाका, अझकाका. सोंगानं मान हलवली. कान खाजवला, मी खाजवतो तसा. पोरं आणखीच ओरडली. कुणाला दुसरं नावच सुचेना. डल्सी प्रत्येक बाकापुढे जाऊन उभी राहिली, थोडा वेळ, एक शब्द न बोलता. ट्रीनापुढेही तेवढीच उभी राहिली जेवढी बाकीच्यांपुढे, एक श्वास जास्त नाही. पोरगी वर बघत होती, डोळे बारीक करून. डल्सी पुढच्या बाकाकडे गेली.

मग संपलं. नाव आलं नाही तर सोंगानं जायचं असतं. डल्सी दाराकडे आली. मी फटीतून बघतोय, पडद्याआडून तिचा श्वास वाजत होता. मला वाटलं, थांब, आणखी एकदा तिच्यापुढे जाऊन उभी राहा. साहेबांनी ब्रीफकेसचं कुलूप उघडलेलं मी ऐकलं. पण डल्सी थांबणारी नव्हती. तिनं खरंच दाराच्या मुठीला हात घातला. ती खरंच बाहेर पडली असती आणि व्हेडाची पोर गेली असती.

"अझकाका नाहीत ते."

बारीक आवाज. श्वास आत ओढलेला नाही, साधा, बाहेर सोडलेला.

"अझकाका दार हातानं नाही उघडत. लाथ मारतात." मग सगळे तिच्याकडे वळलेले असताना, लालबुंद होऊन, पण थांबली नाही पोरगी. "डल्सी मिस आहेत. ओळखलंय मी. पडदा वर करा."

नियम म्हणजे नियम. डल्सीनं पडदा वर केला. तिचं तोंड घामानं आणि कशाकशानं ओलं झालं होतं. म्हणाली, बरोबर ओळखलंस, आता मला काहीतरी प्यायला द्यायचं असतं. ट्रीनानं आपली दुधाची बाटली पुढे केली.

विन्सर साहेबांनी ब्रीफकेस परत लावून टाकली. जाताना मला कोटांच्या खोलीत बघितलं, हात मिळवला आणि म्हणाले, तुम्ही खरंच लाथेनं उघडता का हो दार? मी म्हणालो, दोन्ही हातांत मासे असतात, साहेब.

ट्रीना कुठे गेली नाही. दुसऱ्या दिवशीपासून घडाघडा बोलायला लागली असंही नाही, वर्षभर लागलं, आणि ते सगळं वर्ष डल्सी होती. पुढे समुद्रातला कॉड संपला, मासेमारी बंद झाली, घरंच्या घरं पश्चिमेला निघून गेली. शाळेलाही कुलूप लागलं. डल्सी निवृत्त झाली तरी कुणाचं पोर अडलं की लोक तिलाच बोलवायचे, आणि ती जायची, दिवाणावर बसायची. मग तिला मोठं दुखणं लागलं. मार्चमध्ये तिला निरोप द्यायला चर्चमध्ये जागा पुरली नाही, लोक बाहेर बर्फात उभे होते. असं कुठल्या पाद्र्यालाही मिळालेलं नाही आमच्या किनाऱ्यावर, मोठमोठ्यांनाही नाही. ट्रीना अल्बर्टाहून आली होती, आपली दोन पोरं घेऊन. चर्चमध्ये ती उठली आणि सगळ्यांदेखत बोलली, सगळं सांगितलं, स्वयंपाकघरातलं आणि शाळेतलं. मग बाहेर माझ्याजवळ येऊन म्हणाली, काका, आता तुम्हीपण सांगत जा. गिडला आता कळलंय मी हरलो नव्हतो. तो येऊन माझा हात धरून उभा राहिला.

पण मला सारखा आठवतो तो त्या दिवशीचा परतीचा रस्ता. डल्सी माझ्या मागे बसली होती, माझेच कपडे घालून, मध्ये ती उशी. मी स्नोमोबाईल हळू चालवत नाही, गावाला माहीत आहे. तळ्यावर आलो तेव्हा तिनं माझ्या पाठीवर थाप मारली.

"बंद कर ना जरा."

इंजिन बिघडलं की काय म्हणून मी बंद केलं. मागे वळून बघितलं तर ती टोपी काढून बसली होती, कान उघडे, थंडीनं लाल झालेले.

"काही नाही," ती म्हणाली. "तो आवाज अजून कानात आहे. घरी गेले की लेटी बोलायला लागेल, तू बोलायला लागशील. जरा राहू दे."

मग मी गप्प बसलो. मला ते जमतं, कुणाचा विश्वास बसत नाही. चहूकडे बर्फ, वारा पडलेला, तळ्याच्या पोटात मधूनच बर्फ कण्हायचा. तिचं कपाळ माझ्या पाठीला टेकलेलं होतं. किती वेळ बसलो सांगता येणार नाही. पाय बधिर झाले तरी मी हललो नाही.

या हिवाळ्यात तळं गोठल्यावर मी एकटाच गेलो आणि मध्यावर इंजिन बंद केलं. टोपी काढून बसलो. मला तिचा आवाज कानात आणायचा होता, ती "अझ, जरा तोंड मीट" म्हणायची तो. थोडासा आला, पण लांबून. मी आणखी थोडा वेळ बसलो.